मदत हवी आहे: रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून बाबांनी कोलेस्टेरॉलची गोळी बंद केली

नमस्कार मंडळी,

बाबा ६४ वर्षांचे, आईबरोबर रत्नागिरीला असतात. मधुमेह जुना आहे. मागे एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १६८ आलं तेव्हा डॉक्टरांनी ॲटोर्वास्टॅटिन (स्टॅटिन गटातली गोळी) सुरू केली. पुढच्या तपासणीत ९२! बाबा खूश. "आता नॉर्मल आलंय, उगाच कशाला गोळ्या गिळायच्या?" म्हणून परस्पर बंद. आताचा रिपोर्ट: एकूण कोलेस्टेरॉल २४५, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३८, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) २३०, एलडीएल १६१.

ते ९२ गोळीमुळेच होतं, हे त्यांना पटतच नाहीये. आपलं बरंचसं कोलेस्टेरॉल यकृतच बनवतं. स्टॅटिनने ते बनणं कमी होतं आणि यकृत रक्तातलं एलडीएल जास्त ओढून घेतं. गोळी थांबली की काही आठवड्यांत पहिले पाढे पंचावन्न. शिवाय चाळिशीपुढच्या मधुमेहींना ही गोळी हार्ट अटॅक आणि पक्षाघाताचा धोका कमी करायला देतात, नुसता आकडा खाली आणायला नाही. मला खरी काळजी त्याचीच आहे.

पथ्य म्हणून त्यांनी अंडी आणि कोळंबी सोडली. पण चहाबरोबर खारी चालूच, पोळीवर साय चालूच, दोन्ही वेळा ताटभर भात. भात आणि गोड चहा ट्रायग्लिसराइड्स वाढवतात, हे त्यांच्या गावीही नाही. आई तेलाच्या पिशवीवर 'कोलेस्टेरॉल फ्री' वाचून निर्धास्त. अहो, कुठल्याच वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल नसतं, पिशवीवर लिहिलेलं असो वा नसो.

काल आईने हळूच सांगितलं की गोळी चालू असताना त्यांच्या पोटऱ्या दुखायच्या. स्टॅटिनने काहींना असं होतं हे माहीत आहे. पण थायरॉईड कमी असेल तरी स्नायू दुखतात आणि एलडीएलही वाढतं. म्हणून टीएसएच (थायरॉईडची तपासणी) आणि सीपीके (स्नायूंना इजा झाली आहे का ते दाखवणारी तपासणी) करून घ्यायचं का, हे डॉक्टरांना विचारणार आहे.

तुमच्यापैकी कोणाला असा पोटऱ्यांचा त्रास झालाय का? डॉक्टरांनी डोस कमी केला, की रोसुवास्टॅटिन (दुसरी स्टॅटिन) दिली, की एझेटिमाइब (स्टॅटिन नसलेली कोलेस्टेरॉलची गोळी)? त्याने दुखणं थांबलं का?

आणि कोकणातल्या सुगरणींनो, ओल्या खोबऱ्याचं वाटण निम्म्यावर आणून आमटी दाट कशी ठेवता? बेचव जेवण बाबा चार दिवससुद्धा जेवणार नाहीत.

शनिवारी घरी जातोय, सोमवारी डॉक्टरांची वेळ घेतली आहे. त्याआधी काही सुचलं तर कृपया लिहा.