झेलेनबिंडर हॉल : पाडलेली वास्तू आणि उरलेलं नाव

पूर्व बर्लिनचा वेर्नर झेलेनबिंडर हॉल सरकारने १९५० मध्ये नव्याने बांधला आणि पुढे बर्लिनला ऑलिंपिक मिळेल या आशेवर पाडला, असं एका चर्चेत कुणी लिहिलं होतं. यातलं बांधण्याचं तितकंसं बरोबर नाही. ती मुळात कत्तलखान्याच्या आवारातली जुनी बाजार-इमारत. तिचंच क्रीडागृह केलं. मग तिथे सायकलशर्यती झाल्या, सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाची अधिवेशनं झाली, ७ मार्च १९८८ ला डेपेश मोड हा ब्रिटिश बँडही गाऊन गेला. ऑलिंपिकच्या आशेवर पाडापाडी झाली हे मात्र खरं. १९९३ मध्ये हॉल गेला आणि त्याच वर्षी २००० च्या ऑलिंपिकचं यजमानपद बर्लिनऐवजी सिडनीला मिळालं.

पण ज्याचं नाव हॉलला होतं, त्याच्याबद्दल त्या चर्चेत कुणीच लिहिलं नाही याचं वाईट वाटलं. झेलेनबिंडर कुस्तीगीर होता. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये चौथा आला. नाझींविरुद्ध गुप्तपणे काम केलं म्हणून १९४४ मध्ये त्याला मारलं. त्याच्या अस्थी बर्लिनच्या नॉयकोल्न भागातल्या एका क्रीडा मैदानाच्या आवारात पुरल्या आहेत आणि २००४ पासून त्या मैदानाला पुन्हा त्याचंच नाव आहे. हॉलच्या जागी आता फ्रेंच वास्तुकार दोमिनिक पेरोचं वेलोड्रोम, म्हणजे सायकलशर्यतींचं क्रीडागृह आहे, जमिनीत बुडालेलं, भोवती सफरचंदाची झाडं. बर्लिनला गेलात तर नॉयकोल्नलाही जरूर जा.