वैतागून गेम सोडला : नेमका शब्द कोणता?

प्रश्न : २००२ साली आलेला ‘मॉरोविंड’ हा व्हिडिओ गेम मी अर्ध्यावर सोडला. अशा वेळी सगळे सर्रास ‘कंटाळून सोडला’ म्हणतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं, गेम रटाळ असणार. तो रटाळ मुळीच नाही. व्वार्डनफेल बेटावरची झाडाएवढी भूछत्रं, राखेची वादळं, दर गावाचं वेगळं राजकारण हे सगळं मला मनापासून आवडतं. तरीही खेळणं अशक्य झालं. आवडती गोष्ट चिडून टाकून द्यावी लागते, त्याला मराठीत काय म्हणाल?

— ‘कंटाळा’ नकोच. आंघोळीचा कंटाळा म्हणजे करावंसं न वाटणं, भाषणाचा कंटाळा म्हणजे रस न वाटणं. तुमच्या बाबतीत दोन्ही नाही. तुमचा आहे तो वैताग, आणि वैताग आणणारं कुणीतरी लागतं.

इथे तो कोण आणतं ते बघा. सुरुवातीलाच कचेरीतल्या टेबलावरची लोखंडी कट्यार बहुतेक जण उचलतात. पात्र घडवताना कट्यारीचं कौशल्य तुमच्या निवडीत नसेल तर ते साधारण ५ असतं. त्यात चपळाईचा पाचवा हिस्सा आणि नशिबाचा दहावा हिस्सा मिळवायचा. दोन्ही ४० धरले तर बेरीज १७, म्हणजे शंभरातले सतरा वार लागायची शक्यता. दम पूर्ण भरलेला असेल तर तिची सव्वापट होते, संपलेला असेल तर पाऊणपट. आणि धावलं की दम संपतो! म्हणजे धापा टाकत पोचलेल्या माणसाचे शंभरातले तेरासुद्धा वार लागत नाहीत; समोरचा अंग चोरतो ते वेगळंच. पडद्यावर कट्यार खेकड्याच्या आरपार गेलेली दिसते आणि खेकडा ठणठणीत. आत फासे पडत असतात, पण दान काय पडलं ते खेळणाऱ्याला कुणी दाखवत नाही. माझ्या मते वैतागाचं मूळ या लपवलेल्या दानात आहे. सोंगट्या खेळताना दान वाईट पडलं तर माणूस हळहळतो, पण वैतागत नाही, कारण फासे डोळ्यांसमोर असतात.

— उत्तम. जाता जाता : दम दाखवणाऱ्या हिरव्या पट्टीला काही जण ‘थकवा’ म्हणतात, ते उलटं होतं. पट्टी भरलेली असताना माणूस ताजा असतो. वर वापरलेला ‘दम’च बरोबर.

— वैताग घटकाभराचा असतो. तेवढ्यावर कुणी गेम सोडत नाही. रोजचं झालं की माणूस जेरीस येतो. फारसीत ‘ज़ेर’ म्हणजे खाली. मराठीत शत्रूला जेरीस आणतात, म्हणजे हल्ल्यामागून हल्ले करून नमवतात. मॉरोविंडमधल्या क्लिफ रेसरना हा शब्द चपखल बसतो. रस्त्याने चार पावलं चालावं तर वरून ते पंखवाले प्राणी तुटून पडतात, एकाला पाडेपर्यंत दुसरा हजर. खेळणारे त्यांच्यामुळे इतके पिडले होते, की पुढच्या गेममध्ये कथाच आली : ज्यूबने त्यांना बेटावरून हाकललं आणि तो संत ठरला. हा ज्यूब म्हणजे मॉरोविंडच्या सुरुवातीला जहाजावर आपलं नाव विचारणारा कैदी.

— मला ‘वीट येणे’ सुचवायचं होतं, पण वीट अतिपरिचयाने येतो. रोज तीच भाजी खाल्ली की येतो तसा. इथे अडचण उलटी आहे, जायच्या जागेचा ठावठिकाणाच सापडत नाही. नकाशावर खूण नसते. पूल ओलांड, मग उजवीकडे चढ, अशा तोंडी पत्त्यावर भागवायचं. डायरीतल्या नोंदी तारखेने लागतात; कामागणिक वेगळ्या करायची सोय ‘ट्रायब्युनल’ या पुरवणीने आणली. आर्कंगथँडच्या अवशेषात तर पुष्कळांचं घोडं अडतं. आधी दार उघडायला बाहेरच्या नळावरची कळ फिरवायची, मग आतल्या अंधारात फळीवरची एक चिमुकली पेटी हुडकायची. हा सगळा खटाटोप मुख्य कथेच्या अगदी सुरुवातीला.

— हे झालं चिडण्याचं. सोडण्याचं काय? ‘हात टेकले’ म्हणजे हरलो, उपाय खुंटले. ‘रामराम ठोकला’ यात निरोप आहे, राग नाही. नोकरीला ठोकतात तसा. आणि ‘नाद सोडला’ म्हणजे ओढ होती, ती ठरवून तोडली. प्रत्यय किंवा अव्ययही वेगळं लागतं : गेमपुढे हात टेकले, गेमला रामराम ठोकला, गेमचा नाद सोडला.

प्रश्नकर्ता : मग ‘जेरीस येऊन नाद सोडला’ हेच माझं वाक्य. ‘हात टेकले’ म्हणवत नाही, कारण भाला घेऊन, दम राखत, चालत चालत गेलो असतो तर पुढे सरकलो असतो हे मला माहीत आहे. तेवढा वेळ त्याला द्यायचा नाही, असं मीच ठरवलं.

— भाल्याचं कौशल्य मुख्य पाचात घ्या, ते निदान ३० पासून सुरू होतं. नाद पुन्हा लागला तर.