मराठवाड्यातील तालुक्याच्या इतिहासासाठी ऑनलाइन साधने कोठे शोधावीत?

प्रश्न

नमस्कार. अंबाजोगाई तालुक्याचा, विशेषतः १८५० ते १९५६ या काळाचा, साधार इतिहास लिहिण्याचे मी योजले आहे. नोकरीमुळे पुण्या-मुंबईच्या ग्रंथालयांत वारंवार जाणे शक्य नाही, म्हणून घरबसल्या मिळेल तेवढे आधी वाचून घ्यावे असा विचार आहे. मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटिअरचे, म्हणजे सरकारी जिल्हावार माहितीग्रंथाचे, खंड मला इंटरनेटवर सहज मिळाले. पुणे, सातारा, अहमदनगर यांच्याविषयी त्यांत भरपूर माहिती आहे, परंतु बीडचा खंडच नाही. तालुक्याच्या नावाने शोध घेतला तर योगेश्वरीच्या देवस्थानाची माहिती आणि प्रवासवर्णने तेवढी पुढे येतात. जाणकारांनी मार्ग दाखवावा.

पहिले उत्तर

बीडचा खंड मिळत नाही, कारण तो निघालाच नव्हता. जेम्स कॅम्बेल यांनी संपादित केलेले ते गॅझेटिअर मुंबई इलाख्याचे होते आणि आपला भाग १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ च्या नोव्हेंबरात मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. म्हणून कोणत्या वर्षी आपल्या गावावर कोणाचा अंमल होता, हे आधी ठरवावे. कागद त्या राज्यकर्त्याच्या दप्तरात आणि त्याच्या भाषेत सापडतात. विदर्भाचा अभ्यास करणाऱ्यालाही हेच लागू आहे. त्याने मुंबईऐवजी मध्य प्रांत व वऱ्हाडचे गॅझेटिअर शोधले पाहिजेत.

दुसरी अडचण नावांची आहे. निजामाच्या काळात अंबाजोगाईला मोमिनाबाद म्हणत आणि तेथे हैदराबाद कंटिन्जंटच्या, म्हणजे निजामाच्या खर्चाने ठेवलेल्या पण ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हाताखालील फौजेच्या, घोडदळाची छावणी होती. बीडचे नाव इंग्रजी ग्रंथांत ‘भीर’ असे लिहिलेले असते. आर्काइव्ह डॉट ऑर्ग या संकेतस्थळावर ग्रंथांच्या मजकुरात शोध घेण्याची सोय आहे. तेथे मोमिनाबाद आणि भीर ही नावे रोमन लिपीत घालून पाहा. आजच्या नावाने जे लपून राहते ते बरेचसे वर येईल.

सुरुवात संपूर्ण भारतावरच्या ‘इम्पीरियल गॅझेटिअर’पासून करावी. शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल साउथ एशिया लायब्ररीवर त्याचे सगळे खंड वाचता येतात आणि हैदराबाद संस्थानावरचा त्याचा स्वतंत्र खंड १९०९ चा आहे. त्यानंतर सय्यद हुसेन बिलग्रामी आणि विलमॉट यांनी १८८३-८४ मध्ये निजामाच्या राज्याविषयी सिद्ध केलेला दोन खंडांचा ग्रंथ पाहावा. संस्थानाची पहिली जनगणना १८८१ ची. तेव्हापासूनचे दर दहा वर्षांचे अहवाल ओळीने वाचले तर दुष्काळ, स्थलांतर आणि व्यवसाय यांतले बदल दिसू लागतात. १९५१ नंतरच्या जिल्हा जनगणना पुस्तिका जनगणना खात्याच्या डिजिटल ग्रंथालयात आहेत. महाराष्ट्र शासनाच्या दर्शनिका विभागाने बीड जिल्ह्याचे गॅझेटिअर राज्य स्थापन झाल्यावर काढले. ते उपयुक्त आहे, परंतु मूळ साधन म्हणून त्याचा आधार देऊ नये.

टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने भारताचे यू-५०२ या अमेरिकी लष्कराच्या मालिकेतील स्थलवर्णनात्मक नकाशेही खुले ठेवले आहेत. धनेगावचे मांजरा धरण होण्यापूर्वी नदीकाठी कोणती वस्ती कोठे होती, हे पाहण्यासाठी ते अवश्य उघडावेत.

दुसरे उत्तर

वरील माहिती मोलाची आहे. क्रमाविषयी मात्र माझे मत वेगळे आहे. इंग्रजी ग्रंथांपासून सुरुवात केली की इतिहासाचा सांगाडा इंग्रज अधिकाऱ्यांच्या नजरेने उभा राहतो आणि नंतर मिळालेली स्थानिक माहिती आपण त्यात नुसती भरत जातो. संस्थानाचा कारभार आधी फारसीत आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून उर्दूत चालत होता, तर गावच्या कुलकर्ण्यांची दप्तरे मोडीत होती. रेख्ता या संकेतस्थळावर जुनी उर्दू पुस्तके विनामूल्य वाचता येतात. हैदराबादेत छापलेली पुस्तके तेथे जरूर धुंडाळावीत. उर्दू येत नसेल तर गावातील एखाद्या निवृत्त उर्दू शिक्षकांना सोबत घ्यावे. मराठवाड्याच्या इतिहासलेखनात उर्दू साधनांकडे झालेले दुर्लक्ष मला फार खटकते.

महसुली कागद हे तर गावाच्या इतिहासाचे हृदय आहे. इनाम जमिनींच्या मुंतखबांवरून, म्हणजे इनामाचा हक्क मान्य करणाऱ्या सरकारी दाखल्यांवरून, देवस्थाने, दर्गे आणि वतनदार यांचे हक्क कळतात. १९५४ च्या सुमारास तयार झालेल्या खासरा पाहणी पत्रकात तर जमीन प्रत्यक्ष कोण कसत होते, हेही नोंदलेले असते. महसूल खात्याने ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर काही जिल्ह्यांचे जुने कागद स्कॅन करून ठेवले आहेत. आपला तालुका तेथे नसेल तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नकलेसाठी अर्ज करावा लागेल. तेवढी एक फेरी टाळता येण्यासारखी नाही.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. मोमिनाबाद या नावाने शोधताच छावणीविषयीचे बरेच उल्लेख मिळाले. आरंभीच्या प्रकरणात यादवकाळाचा थोडा परामर्श घ्यावा असे वाटते. अंबाजोगाईतील शिलालेखांचे वाचन ऑनलाइन मिळते का? आणि हैदराबादेतील मूळ कागदांचे काय?

पहिले उत्तर देणारे

यादव राजा सिंघण याचा सेनापती खोलेश्वर याच्याशी संबंधित शिलालेख अंबाजोगाईत आहेत, त्यामुळे तो परामर्श अगदी रास्त ठरेल. कोरीव लेखांची वाचने छापणाऱ्या ‘एपिग्राफिया इंडिका’ या नियतकालिकाचे जुने खंड आर्काइव्हवर आहेत. त्यांच्या सूचीत यादव आणि सिंघण या नावांखालील नोंदी तपासाव्यात आणि लेखाचे वाचन उद्धृत करताना शक वर्ष व इसवी सन दोन्ही द्यावेत.

संस्थानाच्या दप्तराचा मोठा भाग हैदराबादच्या तारनाका भागातील राज्य पुराभिलेखागारात आहे. ब्रिटिश रेसिडेन्सी (निजामाच्या दरबारातील ब्रिटिश प्रतिनिधीचे कार्यालय) आणि भारत सरकार यांच्यातील पत्रव्यवहारासाठी मात्र हैदराबादला जाण्यापूर्वी राष्ट्रीय अभिलेखागाराचे ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळ पाहावे. तेथे नोंदणी करून विषयवार सूची चाळता येते आणि डिजिटल झालेल्या फाइली घरी वाचता येतात. प्रत्येक फाइलचा विभाग, वर्ष आणि क्रमांक त्याच वेळी वहीत उतरवून ठेवावा, म्हणजे पुढे तळटिपा देताना तीच फाइल पुन्हा शोधत बसावे लागणार नाही.