मुरमाड अंगणात रात्री फुलणारं, जमीन झाकणारं काय लावू?

माळावरची (दहिवडी)
नमस्कार मंडळी. आमचं घर माळावर आहे. मागे दहा बाय तीस फुटांचा उताराचा तुकडा, वीतभर खणलं की मुरूम. मेडिकल बंद करून घरी यायला मला साडेआठ होतात, म्हणजे माझी बाग मी बघते ती अंधारातच. जास्वंद लावली, मी येईपर्यंत मिटलेली असते. लॉनही लावलं होतं, पण एप्रिलात टँकर सुरू झाला आणि प्यायचं पाणी गवतावर ओतायला हात होईना. वाळून गेलं.

माझी बहीण न्यू मेक्सिकोत, अल्बुकर्कीला असते. तिच्या दारात खडीमध्ये एकच झाड चार-पाच फूट पसरलंय. दुपार कलली की गडद राणी रंगाची फुलं उमलतात, रात्रभर राहतात. तिकडे त्याला डेझर्ट फोर ओ'क्लॉक म्हणतात. ती त्याला पाणी घालत नाही. दिवाळीला येताना बिया आणते म्हणते. इथे जगेल का?

घेटुळी (मिरज)
ताई, ही मिराबिलिस मल्टिफ्लोरा. आपल्या गुलबाक्षीच्याच घरातली. गुलबाक्षीच्या एका हिरव्या पेल्यात एक फूल येतं, हिच्या पेल्यात साधारण सहा. जमिनीखाली जाडजूड मूळ असतं, सगळी पुंजी तिथे. थंडीत वरचा पसारा वाळतो, वसंतात मुळातून पुन्हा फुटतो. बांधावरची घेटुळी, म्हणजे पुनर्नवा, कधी उपटून बघा. तीही याच कुळातली, आणि तिचंही बळ मुळातच.

पण दोन अडचणी आहेत. अल्बुकर्की पाच हजार फुटांवर, तिथे हिवाळ्यात बर्फ पडतो. पाऊस वर्षाला जेमतेम नऊ इंच. तुमच्या माण तालुक्यात पाऊस कमी म्हणतो आपण, तरी तो याच्या दुप्पट, आणि भाद्रपदात परतीचा आला की चार-चार दिवस जमीन ओली राहते. या मुळाला दुष्काळ सोसतो, ओल सोसत नाही. शिवाय बियांचं कवच कठीण, थंडीची ओल लागल्यावर त्या चांगल्या रुजतात. ती थंडी दहिवडीत कुठली?

आणि कळकळीने सांगतो, बिया बॅगेतून आणू नका. परदेशी बियाण्याला आयात परवाना आणि तिकडचं फायटोसॅनिटरी, म्हणजे बियाणं रोग-किडीपासून मुक्त असल्याचं, प्रमाणपत्र लागतं. 1950 च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा दिसलेलं परदेशी गाजर गवत आज कुठल्या बांधावर नाही?

मुरूमवाला (जत)
काकांचं बरोबर आहे. मी म्हणतो, गुलबाक्षीच लावा. मी केलंय, म्हणून सांगतो.

पहिल्या साली मी चूक केली. माया करायला गेलो, मुरमात काळी माती आणि शेणखत भरून घेतलं. पानं ढीगभर, फुलं चार. सप्टेंबरच्या पावसात काळ्या मातीत पाणी धरलं, मुळ्या कुजून गेल्या. उकरल्या तर वास येत होता. पुढच्या साली निव्वळ मुरमात, उतारावर टोकल्या. खत नाही, काही नाही. त्या आजतागायत आहेत.

बी रात्रभर भिजवा. मृगाचा पाऊस झाला की बोटाच्या एका पेराएवढं खोल, हात-हातभर अंतरावर टोका. झाड वीतभर झालं की शेंडा खुडा, दोनदा-तीनदा. नाहीतर कमरेला लागेल, आणि तुम्हाला तर जमीन झाकायची आहे. पहिल्या उन्हाळ्यात आठ दिवसांनी भांडी विसळलेलं पाणी दिलं तरी पुरतं. झाड वाळलं तर मेलं समजून उपटू नका! वळवाचा एक पाऊस पडू द्या, त्याच जागेवर कोंब दिसेल.

माळावरची (दहिवडी)
बिया नको म्हणून बहिणीला आताच कळवलं. दादा, आजीच्या परड्यात गुलबाक्षी होती. ती उमलली की आजी चूल पेटवायची, घड्याळ बघत नसे. मला ती इतकी ओळखीची की बागेत लावायचं झाड वाटलंच नाही कधी. घरात तीन वर्षांची नात आहे, धोका काही?

घेटुळी (मिरज)
आहे. बी आणि मूळ पोटात गेलं तर उलट्या-जुलाब होतात. बी काळं, मिऱ्यासारखं दिसतं, मूल तोंडात घालू शकतं. पडलेलं बी रोज वेचा. नाहीतर ते आपोआप उगवून शेजाऱ्याच्या रानातही जाईल.

पांढऱ्या फुलाची मिळाली तर थोडी तीही लावा, अंधारात तीच दिसते. आणि दिवा बंद करून दहा मिनिटं बसा. लांब सोंडेचे मोठे पतंग येतात, फुलासमोर हवेत थांबून मध पितात. रताळ्याच्या वेलावर शेपटीला काटा असलेली जाड अळी बघितली असेल, ती त्यांच्यातल्याच एकाची. तेवढ्या जागेत फवारणी करू नका.

माळावरची (दहिवडी)
गोंदवल्याच्या मावशीकडे पांढरी आहे, रविवारी बी आणते. काळ्या मातीची ट्रॉली सांगून ठेवली होती, ती रद्द केली.