मराठी नावांच्या यादीला स्ट्रकम्प वापरणं चूकच आहे

धरमपेठवाला:
इथल्या एका वाचनालयाची सभासद यादी सी भाषेतल्या जुन्या प्रोग्रामवर निघते, क्रम लावायला क्यूसॉर्ट आणि दोन नावांची तुलना करायला स्ट्रकम्प, बस. परवा प्रिंट काढली तर काळे आजोबा काशीकरच्या खाली आपलं नाव शोधून राहिले होते, बोट लावून लावून, आणि नाव होतं पार वर, कावळेच्याही आधी. स्ट्रकम्प नुसते बाइट, म्हणजे साठवलेले आकडे, पाहते आणि युनिकोडमधे, म्हणजे अक्षरांना नंबर देणाऱ्या यादीत, ळ आहे ल च्या लगेच नंतर, आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. वकील मंडळी तर सगळी शेवटच्या पानावर, कारण त्यांच्या नावाआधी ॲड. असते आणि ॲ चा नंबर ०९७२ आणि ह चा ०९३९. सी च्या १९८९ च्या स्टँडर्डपासून भाषेच्या क्रमाने तुलना करणारं स्ट्रकॉल आहे, मग वापरत काहून नाही?

मिहानकर:
कारण मी त्यात पोळलोय भाऊ. २०१८ मधे लिनक्सवरच्या जीलिबसी या सी लायब्ररीचं २.२८ आलं, क्रम लावायचे नियम बदलले, आणि पोस्टग्रेस डेटाबेसचे जुने इंडेक्स, म्हणजे शोधायच्या क्रमवार सूच्या, बिघडले, रेकॉर्ड टेबलात आहे पण शोधलं की सापडत नाही. मसल या दुसऱ्या सी लायब्ररीत तर स्ट्रकॉल आतून स्ट्रकम्पच करते, म्हणजे ती वापरणाऱ्या अल्पाइन लिनक्सच्या कंटेनरमधे तुमचे काळे परत वरच. स्ट्रकम्प निदान सगळीकडे एकच उत्तर देते. आणि क्षीरसागर क मधे की शेवटी, यावर तर आपल्याच लोकांचं एकमत नाही.

धरमपेठवाला:
इंडेक्सला स्ट्रकम्प ठेवा, मान्य. पण सगळीकडे एकच चूक उत्तर मिळते म्हणून ते बरोबर होत नाही ना, यादी माणूस वाचतो. क्षीरसागरचा वाद असू द्या, ळ चा कुठे आहे?

खामला_सी:
स्ट्रकॉल वापरायच्या आधी लोकेल, म्हणजे भाषेचे नियम, निवडणारं सेटलोकेल काय परत देते ते तपासता का? मशीनवर मराठी लोकेल टाकलेलं नसलं तर नल, म्हणजे रिकामं उत्तर, येतं, प्रोग्राम गुपचूप मूळच्या सी लोकेलमधेच राहते आणि आपल्याला वाटते काम झालं. फक्त क्रमाचा भाग, एलसी_कोलेट, सेट करा, सगळे भाग एकदम बदलणारं एलसी_ऑल केलं की आकडे वाचायचे नियमही बदलू शकतात. यादी मोठी असेल तर स्ट्रएक्सफर्मने प्रत्येक नावाची की, म्हणजे तुलनेसाठी बदललेलं रूप, एकदाच बनवून ठेवा आणि मग त्या कीज स्ट्रकम्पने लावा.

मिहानकर:
मग सरळ आयसीयू ही युनिकोडची वेगळी लायब्ररी घ्या, त्यात मराठीचे नियम आहेत, ळ ह नंतर येतो, व्हर्जन प्रोग्रामसोबतच बांधून द्या. मशीनच्या लोकेलवर मी तरी भरवसा ठेवणार नाही.

धरमपेठवाला:
हे पटलं. रविवारी वाचनालयात बसून आयसीयूवर काढतो, पहिलं पान क चंच तपासतो.