मदत हवी आहे: तव्यासमोर उभं राहवत नाही, अंगातून वाफा येतात, आणि डॉक्टर पिशवी काढायला सांगताहेत

शेवंती (नाशिक)

नमस्कार. माझं वय ४७. नाशिकला सिडकोत माझं पोळीभाजी केंद्र आहे, १४ वर्षं झाली. अंबड आणि सातपूरला कंपन्यांमध्ये दुपारचे डबे जातात. हाताखाली दोघी आहेत, पण पोळ्या मीच भाजते. पहाटे साडेपाचला तवा ठेवला की साडेदहापर्यंत हलता येत नाही.

दीड वर्षापासून पाळीचं गणित बिघडलंय. कधी तीन महिने येत नाही, आली की दहा-बारा दिवस अंगावर जातं, गाठी पडतात. मागच्या वेळी तर डबे भरता भरता खाली बसले. हिमोग्लोबिन ९.२ निघालं.

पण जीव खरा जातो तो वाफांनी. छातीतून काहीतरी तापत वर चढतं, कानशिलं पेटतात, दोन-तीन मिनिटांत ब्लाउज चिंब, आणि मग एकदम हुडहुडी. दिवसातून आठ-दहा वेळा तरी. त्यात समोर पेटलेला तवा. रात्री तीनदा उठून गाऊन बदलते. पहाटे उठायचं असतं, झोप नाही, मग लेकीवर ओरडते आणि नंतर मोरीत जाऊन रडते. ती बारावीला आहे. तिचा काय दोष?

एका खाजगी दवाखान्यात सोनोग्राफी केली. गर्भपिशवीत २ सेंटिमीटरची गाठ आहे म्हणाले. डॉक्टरांनी पाच मिनिटांत सांगितलं, "मुलं झालीत ना? मग पिशवी काढून टाका, बरोबर अंडाशयंही काढू. सगळेच त्रास एकदम संपतील." पुढच्या महिन्याची १२ तारीखही दिली. घरचे म्हणतात, डॉक्टर सांगतात तर करून टाक.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. पिशवी काढली की वाफा खरंच थांबतात का? हार्मोनच्या गोळ्यांनी कॅन्सर होतो असं ऐकलंय, माझ्या मावशीला ६२व्या वर्षी स्तनाचा कॅन्सर झाला होता, मग मला त्या चालतील का? आणि तोवर तव्यासमोर उभं राहण्यासाठी काय करू? बीपी १४४/९२ आहे, गोळी सुरू नाही. शतावरी कल्प तीन महिने घेतला, मेडिकलमधून सोयाच्या गोळ्याही आणल्या, दोन्हींनी काही फरक नाही.

चाफेकळी (पुणे)

शेवंतीताई, मी ५३ची, तुमच्याच वाटेने गेलेय. मी बँकेत काउंटरला बसायचे. समोर रांग आणि माझ्या चेहऱ्यावरून घामाच्या धारा. लोक विचारायचे, मॅडम बरं वाटत नाही का.

आधी तव्याचं सांगते. एक वही करा. वाफ कधी आली, त्याआधी काय खाल्लं-प्यायलं, झोप किती झाली, एवढंच लिहायचं. मला पंधरा दिवसांत कळलं की गरमागरम चहा आणि रात्रीचं तिखट यांनी वाफा वाढतात. चहा सोडला नाही, कोमट पिऊ लागले. अंगात सुती, सैल, पुढून उघडणारं घाला. ब्लाउजऐवजी सुती कुर्ता घातलात तर पदर आणि आचेची भीतीही जाते. पंखा आचेवर येतो म्हणून स्वयंपाकघरात लावत नसाल, पण पाठीमागून, कमरेच्या उंचीवर छोटा टेबलफॅन लावून बघा. वाफ चढतेय असं वाटलं की मनगटं गार पाण्याखाली धरायची आणि श्वास सावकाश सोडायचा. याने वाफ थांबत नाही, पण घाबरायला होत नाही.

माझा त्रास या सगळ्याने निम्मासुद्धा गेला नव्हता, हे खरं सांगते. तो गेला हार्मोनच्या औषधाने. दंडाला लावायचं इस्ट्रोजेनचं जेल आणि रात्री प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल. तिसऱ्या आठवड्यात मी सलग सहा तास झोपले. सकाळी उठून नवऱ्याला विचारलं, रात्री लाइट गेली नव्हती ना? इतकं नवल वाटलं.

पिशवीचं मात्र दुसऱ्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय करू नका.

बांधावरची

ताई, मी बीड जिल्ह्यात आशा, म्हणजे गावातली आरोग्य कार्यकर्ती म्हणून काम करते. तुमचं "सगळेच त्रास एकदम संपतील" हे वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. हेच वाक्य मी गेली कित्येक वर्षं बायांच्या तोंडून ऐकतेय.

आमच्याकडे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी गावं रिकामी होतात. नवराबायको मिळून एक कोयता धरतात, मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते. एक दिवस खाडा झाला की पैसे कापले जातात. फडात आडोसा नाही, पाणी नाही, पाळीत तोच कपडा दिवसभर. अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं. मग दवाखान्यात सांगतात, पिशवी खराब झाली, ठेवली तर कॅन्सर होईल. बाई घाबरते, कर्ज काढते, पिशवी काढून टाकते. २०१९मध्ये हे सगळं गाजलं तेव्हा शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून जास्त ऊसतोड बायांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली.

माझ्या वाडीतली एक वहिनी. ३४व्या वर्षी पिशवी काढली. अंडाशयं काढली की ठेवली, तिला कुणी सांगितलंच नाही. कागदही हातात दिला नाही. ऑपरेशननंतर महिन्याभरात तिला अशा वाफा सुरू झाल्या की थंडीत फडावर ती अंगावर पाणी ओतून घ्यायची. आज ती ४१ची आहे, पाठीत वाकलीय, मोळी उचलवत नाही. ज्या मजुरीसाठी पिशवी काढली तीच गेली.

तुमचं दुखणं वेगळं आहे, तुम्हाला खरोखर रक्तस्राव होतोय, हे कळतंय मला. पण अंडाशयं का काढायची, हे विचारल्याशिवाय टेबलावर जाऊ नका.

रानजाई (सोलापूर)

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. इथे तपासणी करता येत नाही, त्यामुळे हे तुमच्या डॉक्टरांशी बोलायला उपयोगी पडावं म्हणून लिहितेय.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही. वाफा पिशवीमुळे येतच नाहीत. मेंदूत शरीराचं तापमान सांभाळणारं एक केंद्र असतं. अंडाशयातून येणारं इस्ट्रोजेन कमीजास्त होऊ लागलं की ते केंद्र हळवं होतं. एरवी जो थोडासा उष्मा त्याने सोडून दिला असता, त्यालाही ते घाबरतं आणि अंग गार करायला त्वचेकडे रक्त सोडतं, घाम काढतं. तवा तुमची वाफ निर्माण करत नाही, पण ती उठवायला पुरतो. आता अंडाशयंच काढली तर इस्ट्रोजेन हळूहळू उतरण्याऐवजी एका दिवसात कोसळेल. वाफा थांबणं सोडा, बहुतेक वेळा त्या वाढतात. आणि ४७व्या वर्षी विनाकारण अंडाशयं काढणं हाडांना आणि हृदयालाही महागात पडतं.

रक्तस्राव हा वेगळा प्रश्न आहे आणि तो आधी सोडवायला हवा. पंचेचाळिशीनंतर असं अनियमित आणि भरपूर जात असेल तर पिशवीच्या आतल्या अस्तराचा तुकडा तपासून घ्यायचा असतो, त्याला बायोप्सी म्हणतात. बरेचदा भूल न देता बाह्यरुग्ण विभागातच होते. ती झाली का? नसेल तर ऑपरेशनची तारीख देण्याआधी ती व्हायला हवी होती. थायरॉइडही बघा, कारण धडधड, घाम, चिडचिड, पाळीची गडबड हे सगळं त्यानेही होतं.

शेवंती (नाशिक)

रानजाईताई, बायोप्सी झालेली नाही. एफएसएच नावाची हार्मोनची रक्ततपासणी मात्र करायला लावली होती, ती "वाढलेली" आली म्हणून पाळी गेली असं म्हणाले. आणि मावशीचं?

रानजाई (सोलापूर)

पंचेचाळिशीनंतर लक्षणं इतकी स्पष्ट असताना एफएसएचची गरज नसते. या काळात तो आकडा या आठवड्यात वर, पुढच्या आठवड्यात खाली असा फिरतो. सलग १२ महिने पाळी आली नाही की मगच ती गेली असं धरायचं. आपल्याकडे हे सरासरी ४६-४७ला होतं. तुमची अजून येतेय, म्हणजे तुम्ही उंबरठ्यावर आहात. आणि हो, या काळात दिवसही राहू शकतात, ते विसरू नका.

आता भीतीबद्दल. हार्मोन म्हणजे कॅन्सर ही धास्ती २००२पासूनची. अमेरिकेतला एक मोठा अभ्यास तेव्हा मध्येच थांबवला, कारण इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखं कृत्रिम औषध) दोन्ही घेणाऱ्या बायकांमध्ये स्तनाचा कॅन्सर थोडा जास्त दिसला. जगभरच्या बायकांनी गोळ्या फेकून दिल्या. पण त्या अभ्यासातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, आणि जास्तीचा धोका होता दर दहा हजार जणींमागे वर्षाला साधारण ८. साठीच्या आतल्या, किंवा पाळी जाऊन दहा वर्षं न झालेल्या निरोगी बाईला एवढ्या वाफा असतील तर फायदा तोट्यापेक्षा जास्त, असं आज तज्ज्ञांच्या संघटनांचं मत आहे. स्वतःला स्तनाचा कॅन्सर झाला असेल, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली असेल, यकृताचा मोठा आजार असेल, किंवा कारण न कळलेला रक्तस्राव चालू असेल, तर सहसा देत नाहीत. तुम्ही आत्ता या शेवटच्या गटात आहात. म्हणून म्हणते, बायोप्सी आधी. एका मावशीला साठीनंतर झालेला कॅन्सर हे एवढ्यावरून "नाही" म्हणायचं कारण नाही, पण मॅमोग्राफी करून घ्या आणि बीपी आटोक्यात आणा. तुमच्यासारखीला गोळीपेक्षा जेल बरं, कारण ते कातडीतून थेट रक्तात जातं आणि गुठळीचा धोका गोळीसारखा वाढवत नाही.

पिशवी शाबूत असेल तर नुसतं इस्ट्रोजेन कधीही घ्यायचं नाही, अस्तर वाढतं. सोबत प्रोजेस्टेरॉन लागतंच. इथे तुमच्या दोन्ही दुखण्यांवर एक चांगली सोय आहे: पिशवीत बसवायचं हार्मोनचं साधन. लोक त्याला हार्मोनची कॉपर-टी म्हणतात, पण त्यात तांबं नसतं. रक्तस्राव खूप कमी होतो, अस्तराचं रक्षण होतं, दिवस राहत नाहीत, आणि वाफांसाठी वरून जेल लावता येतं. तुमच्या २ सेंटिमीटरच्या गाठीला ते चालेल का, हे गाठ कुठे आहे त्यावर ठरेल. पोकळीत शिरलेली असेल तर मार्ग वेगळा.

हार्मोन नकोच असतील तर व्हेनलाफॅक्सिन किंवा रात्री गॅबापेंटिन अशी औषधंही वाफा कमी करतात. व्हेनलाफॅक्सिनने बीपी चढू शकतं, तेव्हा तुमच्यासाठी जपून. शतावरी आणि सोयाने काहींना बरं वाटतं, पण खात्रीचा पुरावा नाही. तीन महिने घेऊन गुण नाही तर पैसे वाचवा आणि त्या पैशांत नाचणी, तीळ, दूध घ्या. हाडांना ते लागणारच आहे.

बांधावरची

मॅडम, मध्ये बोलते. आमच्या या ज्या बाया, ज्यांची लहान वयातच अंडाशयं गेली, त्यांच्यासाठी आता काही करता येतं का? की झालं ते झालं?

रानजाई (सोलापूर)

येतं. पंचेचाळिशीच्या आत अंडाशयं गेलेल्या बाईला, दुसरी अडचण नसेल तर, पाळी जायच्या नैसर्गिक वयापर्यंत हार्मोन द्यायलाच हवेत. तिच्या शरीरातून जे अवेळी काढून घेतलं ते भरून देणं आहे हे. पिशवी नसल्याने तिला बहुधा एकटं इस्ट्रोजेन पुरतं. तुमच्या वहिनी ४१च्या आहेत, उशीर झालेला नाही. जिल्हा रुग्णालयात घेऊन जा. कागद नसतील तर सोनोग्राफीत अंडाशयं आहेत का ते पाहता येतं. पाठीसाठी हाडांची घनता तपासायला सांगा, व्हिटॅमिन डी बघा.

बांधावरची

सोमवारी नेते.

सह्याद्री_७१

पुरुषाने लिहावं की नाही कळत नव्हतं. माझ्या पत्नीला हा त्रास चार वर्षं झाला. रात्री ती पंखा पाचवर करायची, मी एकवर. यावरून आमची भांडणं झाली. ती मुद्दाम करते असं मला वाटायचं. तिच्या पाठीला हात लावला तेव्हा गादी ओली होती. मग आम्ही दोन वेगळ्या चादरी घेतल्या, पंखा तिच्या बाजूला सरकवला. शेवंतीताई, हा धागा घरी वाचायला द्या.

शेवंती (नाशिक)

दोन महिन्यांनी लिहितेय, उशिराबद्दल माफ करा. यजमानांनी सगळा धागा वाचला. काही बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशी दुकानाला शटर लावून माझ्याबरोबर सरकारी रुग्णालयात आले. तिथल्या डॉक्टरबाईंनी आधी बायोप्सी केली. दुखलं, पण पाच मिनिटांचं काम. रिपोर्ट साधा आला. गाठ पोकळीच्या बाहेरच्या बाजूला आहे, तिला हात लावायची गरज नाही म्हणाल्या. थायरॉइड ठीक, मॅमोग्राफी ठीक. बीपीची गोळी आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. बीपी उतरल्यावर ते साधन बसवलं, आणि आता पाच आठवडे जेल लावतेय.

वाफा दिवसाला दोन-तीनवर आल्यात. रात्री एकदा जाग येते, कधी तीही नाही. तवा भिंतीकडून खिडकीपाशी हलवला, चाफेकळीताईंनी सांगितला तसा पंखा पाठीमागे लावला. शेवटच्या तासाच्या पोळ्या आता सुमन भाजते. तिला शिकवायला मीच तयार नव्हते इतकी वर्षं. लेकीला सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, आधी का नाही सांगितलंस, मला वाटायचं माझंच काहीतरी चुकतंय.

रानजाईताई, एकच विचारायचंय. साधन बसवल्यापासून थोडं थोडं डाग पडल्यासारखं रोज चालू आहे. हे चालतं का?

रानजाई (सोलापूर)

पहिले तीन ते सहा महिने असे डाग पडू शकतात, हळूहळू कमी होतात. एकदम जास्त जाऊ लागलं, ताप आला, किंवा ओटीपोटात जोरात दुखलं तर लगेच दाखवा. हिमोग्लोबिन तीन महिन्यांनी परत बघा. लोहाच्या गोळ्यांवर लगेच चहा घेऊ नका, एक-दोन तास जाऊ द्या, नाहीतर लोह अंगी लागत नाही.

शेवंती (नाशिक)

बरं झालं सांगितलंत, मी गोळी चहाबरोबरच घेत होते. आता लिंबूपाण्याबरोबर घेते. बांधावरची ताई, वहिनींचं काय झालं ते लिहा, मी रोज येऊन बघते.