ज्युबिली : मूळ अर्थ काय?

चौकस : व्हीजेटीआयमधला ‘जे’ आता जिजाबाईंचा असला, तरी १८८७ साली तो ज्युबिलीचा होता. व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली म्हणून. सिनेमा २५ आठवडे चालला तरी सिल्व्हर ज्युबिलीच. हा शब्द लॅटिन ना?

पोथीवाला : आला लॅटिनमधून, पण मूळ हिब्रू. ‘योबेल’ म्हणजे एडका, आणि त्यावरून एडक्याचं शिंग. लॅटिनमध्ये जल्लोषाला ‘युबिलारे’ म्हणत. त्या शब्दाची सावली पडली आणि योबेलचं ‘युबिलेउस’ झालं.

बायबलमधलं लेवीय हे पुस्तक उघडा, अध्याय २५. सात वर्षांची सात आवर्तनं झाली की पन्नासाव्या वर्षी प्रायश्चित्ताच्या दिवशी शिंग फुंकायचं. हे योबेलचं वर्ष. त्यात पेरणी नाही. गरिबीपायी विकलेली शेतजमीन मूळ घराण्याकडे परत, आणि पोटासाठी दुसऱ्याच्या घरी राबणारा इस्राएली मोकळा.

गंमत किमतीची आहे. पुढच्या योबेलला जितकी पिकं उरली असतील, तितक्यांचाच भाव द्यायचा. म्हणजे खरेदीखत नव्हेच, मुदतीचा भाडेपट्टा! कारणही तिथेच दिलंय : जमीन देवाची, तुम्ही उपरे. तटबंदीच्या शहरातल्या घराला मात्र ही सवलत नाही. वर्षभरात सोडवलं नाही, तर ते कायमचं गेलं. शहरातलं घर तेव्हाही हातचं जायचंच.

चौकस : मग पन्नासाचे २५ कोणी केले?

पोथीवाला : रोमने. पोप आठवे बोनिफास यांनी १३०० साली पापक्षमेचं वर्ष जाहीर केलं, ते शंभर वर्षांनी एकदा यायचं होतं. पुढे ते पन्नासावर आणि १४७० साली पंचविसावर आणलं. जमिनीचा विषय तोवर कधीच मागे पडला होता. राजेराण्यांनी तर नुसता थाटच उचलला.

दादरकर : व्हिक्टोरियाच्या हीरक ज्युबिलीच्या रात्री, २२ जून १८९७ला, गणेशखिंडीत चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. आपल्याकडे ज्युबिली म्हटलं की मला आधी ते आठवतं.

परदेशस्थ : मूळ अर्थ अमेरिकेत टिकला, आणि तोही गुलामांमध्ये. फिलाडेल्फियातल्या लिबर्टी बेल या घंटेवर लेवीयच्या याच अध्यायातलं, देशभर स्वातंत्र्य पुकारा, हे वचन कोरलंय. गुलामीविरोधकांनी या घंटेला आपलं चिन्ह केलं. सुटकेच्या दिवसाला कृष्णवर्णीय लोक ज्युबिली म्हणत. टेनेसीतल्या फिस्क विद्यापीठाचं गायकमंडळ १८७१ साली दौऱ्यावर निघालं, आणि त्या दौऱ्यातच त्याने ‘ज्युबिली सिंगर्स’ हे नाव घेतलं. त्यातले बरेचजण गुलामीत जन्मलेले होते. हा वापर मला राणीच्या ज्युबिलीपेक्षा कितीतरी अस्सल वाटतो.

चौकस : आमच्या मंडळात वाद आहे. ४९ वर्षं पूर्ण झाली, तर यंदा सुवर्णमहोत्सव म्हणायचं का?

पोथीवाला : हा वाद तालमूद या ज्यूंच्या धर्मचर्चेच्या ग्रंथातही आहे, काका! पन्नासावं वर्ष वेगळं धरायचं की पुढच्या आवर्तनातलं पहिलं, यावर रब्बींचं, म्हणजे ज्यू धर्मपंडितांचं, एकमत नव्हतं. इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्जने १८०९ साली पन्नासावं लागताच ज्युबिली केली, व्हिक्टोरियाने पन्नास पूर्ण झाल्यावर. मराठीत ‘सुवर्णमहोत्सवी वर्षात पदार्पण’ लिहा, म्हणजे यंदाही वर्गणी काढता येईल आणि पुढच्या वर्षी सांगतेलाही.

दादरकर : आमचं मंडळ नेमकं हेच करतं!